त्रेचाळीस सायली

कॉम्प्युटर दुरुस्तीला पोरगी आली की माणसं आधी तिच्या मागे बघतात. खरा माणूस मागून जिना चढत असेल, ही नुसती बॅग उचलून पुढे आली असेल, असं त्यांना वाटतं. तीन वर्षांत चांगुणाला ह्याची सवय झाली होती. राग येणं मात्र थांबलं नव्हतं.

मखमलाबाद नाक्याजवळच्या त्या दुसऱ्या मजल्यावरही तेच झालं. दार उघडलं ते एका उंच, चष्मेवाल्या मुलानं. त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि मग तिच्या खांद्यावरून जिन्यात.

"कुणी नाहीये मागे," ती म्हणाली. "मीच आलेय दुरुस्तीला."

"नाही, म्हणजे... लिफ्ट चालू झाली का ते बघत होतो."

"ह्या बिल्डिंगला लिफ्टच नाही."

तो हसला. चोरी पकडली गेल्यावर लहान पोर हसतं तसा. बाहेर आषाढाची रिपरिप चालू होती, तिच्या ओढणीतून पाणी ठिबकत होतं, आणि तो दारातून बाजूला व्हायचंच विसरला होता.

"आत येऊ, का इथूनच करू?"

"अरे, या ना... या."

दारावर पाटी होती – 'सप्तपावली वधू-वर सूचक केंद्र. फक्त आपल्या समाजासाठी.' कुठला समाज ते लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नसते. ज्यांना आत घ्यायचं त्यांना ते कळतं, आणि ज्यांना बाहेर ठेवायचं त्यांना त्याहून आधी कळतं. चांगुणा वाळू भोये. सुरगाण्याच्या पुढे उंबरठाणच्या रस्त्याला घर. जात कोकणा, सरकारी कागदावर आदिवासी. ती पाटीखालून आत शिरली ती टेक्निशियन म्हणून. टेक्निशियनला कुणी जात विचारत नाही. निदान पहिल्या दिवशी तरी.

"काय झालंय मशीनला?"

"सारखं म्हणतं, जागा नाही. आता मी तर त्यात काही ठेवतच नाही."

"सगळे असंच म्हणतात," असं म्हणून तिनं पेन ड्राइव्ह लावला. थोड्या वेळानं पडद्यावर रंगीत चौकोनांची गोधडी पसरली. तो खुर्ची ओढून जवळ आला. त्याच्या शर्टाला साबणाचा वास होता. चांगुणानं तो वास घेतला आणि लगेच स्वतःवर चिडली.

"हे काय आहे?"

"तुमच्या डिस्कचा नकाशा. शेताचा गटवारी नकाशा असतो ना, तसाच. जेवढी फाइल मोठी, तेवढा तुकडा मोठा. कुणी किती वावर दाबलंय ते एका नजरेत दिसतं."

"आमची शेती आहे मखमलाबादला. गुलाब, भाजीपाला. असा नकाशा मी घरी बघितलाय." त्यानं बोट ठेवलं. "हा एवढा मोठा हिरवा कुणाचा?"

"रिसायकल बिन. कचरापेटी. रिकामी करू?"

"अहो नको, नको!" त्यानं चक्क तिचा माउसवरचा हात धरला. मग भान येऊन सोडला. "त्यात नकारवाले आहेत!"

"कोण?"

नकारवाले म्हणजे ज्यांना नकार आला ती स्थळं. केंद्र त्याची आई चालवायची, सुवर्णाताई. त्यांचा दंडक होता, की नकार आलेलं स्थळ वर्षा-दोन वर्षांनी परत फिरून येतं, तेव्हा अक्षता पडल्याशिवाय कुणाला काढून टाकायचं नाही. मग हा चिरंजीव, नाव दीपक, करायचा काय? नकार आला की बायोडेटा रिसायकल बिनमध्ये टाकायचा. लागला तर परत काढता येतो, म्हणून. सहा वर्षांचे नकार त्यानं कचऱ्याच्या डब्यात जपून ठेवले होते, प्रत्येकाच्या मोठाल्या फोटोंसकट!

"माणसं कचऱ्यात ठेवता?" चांगुणानं विचारलं. हसू आवरत नव्हतं, आणि कुठंतरी टोचतही होतं.

"मग कुठं ठेवू? तुम्ही सांगा ना."

तिनं नवीन फोल्डर केलं. नाव काय द्यावं म्हणून क्षणभर थांबली. मग टाइप केलं, 'थांबलेले'.

दीपक त्या शब्दाकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. "चांगलंय," तो हळूच म्हणाला. "नकारवाले म्हणण्यापेक्षा... पुष्कळच चांगलंय."

"फोटो दाबून लहान करते. आणि एक सांगते, मालकाला विचारल्याशिवाय मी एक फाइलसुद्धा उडवत नाही. माझा नियम आहे. तेव्हा असा हात धरायची गरज नाही."

त्याचे कान लाल झाले.

काम चालू असताना तिनं सहज विचारलं, "नकार कळवता कसा?"

"प्रत्येक स्थळाला उत्तर द्यायचंच, हा आईचा दुसरा दंडक. सगळ्यांना एकच मेसेज – 'पत्रिका जुळत नाही.' मुलगी सावळी असो, मुलाला टक्कल असो, सासूला सून जास्त शिकलेली वाटो... पत्रिका जुळत नाही."

"आणि खरंच जुळत नसली तर?"

"मग काही प्रॉब्लेम नसतो. गुरुजी ग्रहांची शांत करून देतात."

दोघं एकदमच हसले. तिथंच कुठंतरी सुरुवात झाली.

बाराव्या दिवशी त्याच मशीनची तक्रार परत आली. दुकानाचे मालक केरूभाऊ फोन ठेवून म्हणाले, "ते लग्नवाले. तुझ्याच नावानं मागतायत. म्हणे, दुसरं कुणी नको."

चांगुणानं नकाशा काढला. या वेळी लाल तुकडे. एक, दोन, तीन... सारख्या मापाचे नऊ.

"तुमच्या मामेभावाचं लग्न झालं का?"

"हो, मागच्या मेमध्ये."

"एकाच बाईशी ना?"

"म्हणजे?"

"त्याच्या लग्नाचं शूटिंग नऊ वेळा आहे इथं."

"अरेच्चा... चुकून कॉपी झालं असेल."

"नऊ वेळा चुकून?"

तो चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला. "आधी पाचदाच केलं होतं. डिस्क काही भरेना. मग..."

चांगुणा पडद्याकडेच बघत राहिली, कारण त्याच्याकडे बघितलं असतं तर चेहऱ्यावरचं सगळं दिसलं असतं. "फोन करून चहाला बोलावता आलं असतं."

"नंबर दुकानाचा आहे. केरूभाऊ उचलतात. त्यांना काय चहाला बोलावू?"

तिनं टेबलावरच्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाकिटावर आपला नंबर लिहिला. तेवढ्यात आतून सुवर्णाताई आल्या. गोऱ्यापान, ठसठशीत कुंकू, आवाजात साखर. "जिना चढून आलीस ना गं, चहा घे," म्हणाल्या आणि ट्रे ठेवला. ट्रेमध्ये दोन कपबश्या होत्या, गुलाबाच्या नक्षीच्या. आणि एक कागदी कप.

कागदी कप तिच्यापुढे आला.

आता ह्यात धरण्यासारखं काही नाही, असं तुम्ही म्हणाल. दुरुस्तीला आलेल्या माणसाला कागदी कपात चहा सगळेच देतात. चांगुणानंही स्वतःला तेच सांगितलं. पण मघाशी गॅसवाला येऊन गेला होता, आणि ताईंनी त्याला 'कोणत्या शिवारातले तुम्ही?' विचारून बशीसकट कप दिलेला तिनं जिना चढताना बघितला होता. दीपकनं तो कागदी कप बघितला. तिनं तो बघितला हेही त्यानं बघितलं. आणि मग त्यानं आपली बशी उचलली, फुंकर मारली, आणि चहा प्यायला.

हे तिनं तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं. पण प्रेमात पडलेलं माणूस डोळे मिटत नाही, ते दिसलेलं बाजूला सारतं. तिनंही सारलं.

श्रावण-भाद्रपद कसे गेले ते दोघांनाही कळलं नाही. गंगापूर रोडला मळ्यातल्या मिसळीच्या दुकानात बाकावर समोरासमोर बसायचं, तिची तर्री त्यानं संपवायची, त्याची जिलबी तिनं. सोमेश्वरला धबधब्याच्या आवाजात मुद्दाम हळू बोलायचं, म्हणजे कान जवळ आणावा लागतो. तिच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते. आजीनं पाचव्या वर्षी गोंदवलेले. एकदा त्यानं त्यांच्यावर बोट ठेवलं... अगदी हलकं, काच पुसावी तसं.

"हा तुझा सही-शिक्का," तो म्हणाला. "गर्दीत कुठं हरवलीस तर ह्याच्यावरून ओळखीन."

"आणि काळी आहे म्हणून नाही ओळखणार?"

"काळी कुठं... आहेस तशी आहेस."

केंद्रातल्या मुलामुलींचे फोटो तोच काढायचा, आणि फोटोशॉपमध्ये तोच सजवायचा. ती चिडवायची, "किती गोरं करता हो एकेकीला?"

"दोन घर, म्हणजे दोन छटा. तीन केलं तर बघायला गेल्यावर पकडतात. मुलांचं कपाळ कमी करायचं. आईबाप स्वतः सांगून जातात."

"आणि माझा फोटो काढलास तर?"

"तुझ्या फोटोला हात लावायची गरज नाही," दीपक म्हणाला.

ह्या एका वाक्यावर ती दोन महिने जगली.

गावाकडून बापाचा फोन यायचा. वाळू भोये बोलायचा कमी, श्वास जास्त ऐकू यायचा. "कळवणच्या आश्रमशाळेतला मास्तर हाय, पोरी. चांगला हाय. दिवाळीपावत थांबतो म्हनला. काय सांगू त्याला?"

"नाय म्हण, बा."

"कुनी हाय का तुझ्या मनात?"

"हाय."

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. मग, "बरा हाय ना त्यो? मानानं नेईल ना?"

"नेईल, बा."

मास्तराला नकार गेला. दीपकला तिनं ते सांगितलं. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि शब्द दिला. तुळशीची लग्नं झाली की पहिल्या रविवारी केंद्राचा मोठा मेळावा असतो. त्याच्या आत आईला सगळं सांगतो. नाव, गाव, जात, सगळं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गंगापूर धरणाच्या काठावर त्यानं तिचे फोटो काढले. ती आईची हिरवी साडी नेसली होती. उन्हानं डोळे बारीक झाले होते, केस उडत होते, हनुवटीवरचे ठिपके लखलखत होते. "हाच," तो एक फोटो दाखवत म्हणाला. "हाच आईला दाखवणार."

मग दिवाळी आली, गेली. चांगुणा विचारायची, "बोललास?"

"काम चालू आहे."

"अजून किती?"

"जवळजवळ झालंच. एकदम सांगून चालणार नाही गं, जरा... तयारी करावी लागते."

तिला वाटायचं, आईच्या मनाची तयारी.

मेळाव्याला तीन दिवस राहिले, आणि गुरुवारी अकरा वाजता सुवर्णाताईंचाच फोन दुकानात आला. मशीन अडकलंय. मेळाव्याची परिचय पुस्तिका छापायला द्यायची, आणि हे म्हणतं जागा नाही. दीपक? तो पाहुण्यांना पास द्यायला लासलगावला गेलाय, फोन उचलत नाही.

चांगुणानं बॅग उचलली. जिना चढताना हसू येत होतं. आता कुणाचं लग्न नऊ वेळा कॉपी केलं असेल ह्यानं?

नकाशा पसरला. आणि ह्या वेळी पडद्याच्या डावीकडचा तिसरा हिस्सा एकाच जांभळ्या तुकड्यानं दाबलेला होता. फोल्डरचं नाव, 'प्रिंटर ड्रायव्हर'.

दुसरं कुणी असतं तर तिथून पुढे गेलं असतं. प्रिंटर ड्रायव्हर नावाच्या फोल्डरमध्ये कोण कशाला डोकावेल? पण चांगुणाचं पोट ह्यावर चालत होतं. प्रिंटर ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर चालवणारा बारकासा प्रोग्रॅम, नकाशात फार तर बांधाएवढा दिसतो. एवढं वावर तो दाबत नाही.

तिनं फोल्डर उघडलं.

सायली १. सायली २. सायली ३. खाली, खाली, खाली... सायली ४३. एकेक फाइल दोन-दोन जीबीची. एकावर एक चढवलेल्या थरांचे फोटो.

सायली कोण?

पहिली फाइल उघडायला म्हातारं मशीन मिनिटभर कण्हत राहिलं. मग चित्र वरून खाली उतरत आलं. उडते केस. बारीक केलेले डोळे. हिरवी साडी. ती स्वतः. मागे धरणाचं पाणी.

एक क्षण... फक्त एक क्षण तिला वाटलं, वेडा! माझा फोटो लपवून ठेवलाय!

मग तिनं दुसरी उघडली. तिसरी. सहावी. सहाव्यात हनुवटीवरचे तीन ठिपके नव्हते. जणू आजीनं सुई कधी धरलीच नव्हती. अकरावीत ती दोन घर उजळ होती. एकोणिसावीत नाक निमुळतं झालेलं. सव्विसावीत केस चापूनचोपून बसलेले. तिसावीत चार घर गोरी. तिच्या आईची साडी पस्तिसावीत मोरपंखी पैठणी झाली होती. त्रेचाळिसावीतली बाई सुंदर होती. देखणी, गोरी, खानदानी. चांगुणानं तिला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

शेजारीच बायोडेटाची फाइल होती. कु. सायली पवार. गाव दिंडोरी. वडील द्राक्ष बागायतदार. जात, आपल्यातलीच.

पवार! डोकं चालवलं होतं गड्यानं. पवार सगळ्या जातींत असतात. भोयेला पाटीखालून आत आणता येत नाही, पवारला येतं.

काम चालू होतं ते हे. महिनाभर तो आईला तयार करत नव्हता. तो हिला तयार करत होता.

"सापडलं का गं?" सुवर्णाताई मागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर त्रेचाळिसावी होती. त्यांचा चेहरा फुलला. "अगं बाई, ही तर सायली! दिंडोरीची. दीपकनंच आणलंय स्थळ. सहा वर्षं एकही मुलगी त्याला पसंत पडेना, आणि हिच्यासाठी स्वतः म्हणाला, आई, हीच. पुढच्या आठवड्यात बघायला जायचंय. नाक बघ ना कसं..."

चांगुणा खुर्चीत वळली. तिनं आपला चेहरा सरळ त्यांच्यापुढे धरला. दोन फुटांवर. उजेडात. बघा, आता बघा.

सुवर्णाताईंनी तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं.

"तुला काय झालं गं? ऊन लागलं का? थांब, चहा टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या.

ओळखलं नाही. ज्या चेहऱ्याला सून करायला निघाल्या होत्या, तो समोर होता आणि त्यांनी ओळखला नाही. चांगुणाला हसावं का किंचाळावं कळेना.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. दीपक दारात आला. हातात उरलेल्या पासांचा गठ्ठा, कपाळावर घाम. आधी तिला बघून तो हसला, मग पडद्याकडे नजर गेली. हसू जागच्या जागी मेलं.

"चांगू... ऐक. मी सांगणारच होतो."

"कधी? चव्वेचाळिसावी झाल्यावर?"

"हळू बोल, आई आत आहे." त्यानं दार लोटलं. "तू समजून घे ना. आई एकदा हो म्हणू दे. एकदा तू घरात आलीस, तिनं तुझा स्वभाव बघितला, की मग सावकाश सांगू. तेव्हा ती काही करू शकणार नाही."

"आणि पुढच्या आठवड्यात बघायला याल तेव्हा? आणि माझा बाप? लग्नात येईल ना तो. त्याला कुठल्या थरात लपवणार?"

"त्याचं... काहीतरी करू."

"काय करशील? त्याला गोरा करशील? त्याच्या पायाच्या भेगा बुजवशील? तोंड उघडलं की 'हाय' आणि 'नाय' येतं त्याच्या. आवाजही पुसशील?"

"माझं प्रेम आहे तुझ्यावर!" तो कळवळून म्हणाला. आणि वाईट हे, की ते खरं होतं. "रोज तीन-तीन तास बसलोय मी तुझ्या फोटोवर. डोळे फुटायची वेळ आली. कुणासाठी केलं हे?"

"तेच विचारतेय. कुणासाठी? हे ठिपके पुसताना हात नाही थांबला तुझा? गर्दीत ह्याच्यावरून ओळखणार होतास ना तू?"

त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. मग जे बोलला ते इतकं साध्या सुरात बोलला, की त्याला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नव्हतं हे उघड दिसत होतं.

"अगं, नाव तर लग्नात बदलतातच की. तांदळात नवीन नाव लिहितात, सगळ्या मुली घेतात. आडनाव बदलतं, गाव बदलतं. तुझं थोडं आधी बदललं, एवढंच ना?"

चांगुणा त्याच्याकडे बघत राहिली. शर्टाला अजून तोच साबणाचा वास होता. ह्या माणसासाठी बापाला ती म्हणाली होती – नेईल, मानानं नेईल.

"एक सांग," ती म्हणाली, आणि आवाज एकदम दुकानातला झाला. "ह्या फाइलींचा मालक कोण?"

"म्हणजे... मीच. मी केल्यात."

"आणि चेहरा कुणाचा आहे?"

त्यानं पासांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"मालकाला विचारल्याशिवाय मी काही उडवत नाही," ती म्हणाली. "विचारलं. मालक हो म्हणतेय."

तिनं दोनपासून त्रेचाळीसपर्यंत सगळ्या फाइली निवडल्या. शिफ्ट दाबून धरलं. कचरापेटीतही नको. परत काढता येतील अशा ठिकाणी तर मुळीच नको. मशीननं विचारलं, कायमचं काढून टाकायचं का? दीपकचा हात पुढे आला... आणि मध्येच थांबला. पहिल्या दिवशी नकारवाल्यांसाठी त्यानं तिचा हात धरला होता. आज नाही धरला.

जांभळा तुकडा आकसला आणि नाहीसा झाला.

मग तिनं बायोडेटा उघडला आणि पहिल्या फोटोसह नव्यानं भरायला घेतला. नाव – चांगुणा वाळू भोये. गाव – उंबरठाणजवळचा पाडा, तालुका सुरगाणा. जात – कोकणा, आदिवासी. शिक्षण – आयटीआय. नोकरी – कॉम्प्युटर दुरुस्ती. वडील – शेती, भात आणि नागली. रंग – काळा. जन्मवेळ – माहीत नाही. आई सांगते, भाताची आवणी चालू होती. पत्रिका – नाही. प्रिंटर घरघरला. कागद बाहेर आला तेव्हाच सुवर्णाताई ट्रे घेऊन आल्या. दोन कपबश्या. एक कागदी कप.

"झालं का गं काम?"

"झालं. डिस्क मोकळी केलीय, पुस्तिका छापायला पाठवा." चांगुणानं बॅगेची चेन ओढली आणि तो कागद त्यांच्या हातात दिला. "आणि हे एक स्थळ. दीपकनं आणलेलं. आधी जे दाखवलं त्यात चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्यात."

सुवर्णाताईंनी कागद वाचला. सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग मान वर करून त्यांनी चांगुणाकडे बघितलं. आता ओळखलं. चेहऱ्यावरची साखर हळूहळू विरघळत गेली आणि खाली जे होतं ते दिसलं. मग पोराकडे वळल्या. "दीपक? हे काय आहे?"

दीपक खाली बघत होता. फरशीच्या नक्षीत काहीतरी शोधत असल्यासारखा. चांगुणा थांबली. खरं सांगायचं तर मुद्दाम थांबली. बॅगेचा पट्टा नीट करायच्या निमित्तानं, आधी एकदा, मग आणखी एकदा. एक शब्द. नुसतं 'आई, हीच' एवढं म्हणाला असता. फोटोकडे बघून म्हणाला होता, आता माणसाकडे बघून म्हणायचं होतं. ती बेचाळीस फोटो विसरली असती. खरंच विसरली असती, एवढी ती अजून त्याची होती.

"आई, ते... मी तुला नंतर सांगतो," दीपक म्हणाला.

चांगुणानं पट्टा खांद्यावर घेतला.

"ताई, तुमचा दंडक आहे ना, आलेल्या प्रत्येक स्थळाला उत्तर कळवायचं? खाली नंबर आहे. कळवा."

कागदी कपातला चहा तसाच राहिला.

रविवारी मेळावा झाला असणार. चांगुणा गेली नाही, तिला बोलावणंही नव्हतं. त्या दिवशी तिनं बापाला फोन केला. काय झालं ते सगळं सांगितलं. वाळू भोये नुसता श्वास घेत ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "तुझे ठिपके पुसले व्हय त्यानं? तुझ्या आजीनं गोंदताना तू लय रडली व्हती. म्या मांडीवर धरली व्हती तुला." फोन ठेवल्यावर ती दुकानाच्या मागच्या खोलीत जुन्या कॅबिनेटांच्या ढिगाला टेकून रडली. नंतर तोंड धुतलं, आरशात हनुवटी बघितली. होते. तिन्ही होते.

मंगळवारी दुपारी एका वकिलांच्या ऑफिसात ती नकाशा काढत बसली होती. वकीलसाहेब म्हणत होते, मी तर ह्यात काही ठेवतच नाही हो. फोन थरथरला. दीपकच्या नंबरावरून मेसेज होता. केंद्राचा ठरलेला मेसेज, वर 'सप्तपावली' आणि दोन हात जोडलेले.

'आपल्या स्थळाबद्दल आभार. पत्रिका जुळत नाही.'

तिनं तो दोनदा वाचला. पाठवताना त्याचा हात थांबला असेल का? सहाव्या फोटोत थांबला नव्हता.

तिनं उत्तर लिहिलं, 'माझी जन्मवेळ कुणाला विचारलीत?'

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. वर 'टायपिंग' असं उमटलं... थांबलं... पुन्हा उमटलं... आणि विझलं.

"मॅडम," वकीलसाहेब पडद्यावर बोट ठेवून विचारत होते, "हा एवढा मोठा तुकडा कुणाचा?"

चांगुणानं फोन पालथा ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

"उघडून बघू," ती म्हणाली. "नावावरून काही कळत नाही, साहेब. उघडूनच बघावं लागतं."